तिसरा पुकारा

कोर्टात धूळ फायलींवर बसते आणि किस्से शिपायावर. धूळ झटकता येते. किस्से झटकायला गेलं की माणसं म्हणतात, "अजून एक होऊन जाऊ द्या!"

माझं शिक्षण चौथी. गाव मुखेड तालुक्यातलं. नोकरी दिवाणी कोर्टाच्या दारात, आधी नांदेडला, मग लातूरला. काम एकच, पुकारा. साहेबांपुढच्या बोर्डावर ज्याचं नाव येईल त्याला दारातून हाक मारायची, "हाजिर होऽऽ!" माझा आवाज असा होता की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलेला पक्षकार चहा बशीतच सोडून धावायचा. एका साहेबांनी माईक बसवायची भाषा केली होती. एकदा माझा पुकारा ऐकला, पुन्हा बोलले नाहीत.

पुकाऱ्याचा नियम साधा आहे. तीनदा करायचा. तिसऱ्यालाही अर्जदार आला नाही तर अर्ज गैरहजेरीत निकाली. मग तो आमदाराचा पाहुणा असो की साहेबांचा सासरा. एकदा एक अर्जदार मुतारीतून ओरडला, "आलो, आलो, हाजिर हाय!" मी धरलं नाही. हाजिर म्हणजे उंबऱ्याच्या आत.

नंतर वकील भांडायला आले. "अहो, आवाज तर आला ना त्याचा?"

मी म्हणालो, "कोर्टानं माणूस बोलावलाय. आवाज नाही."

*

लातूरला माझ्या दाराशी एक दगडी पायरी होती. त्या पायरीवर चंद्राबाई बसायची. तिची तारीख असो नसो, तिला वाटायचं आजच असेल. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत भाकरी. मला जमादार म्हणायची. मी तिला मावशी.

तिचं प्रकरण सांगून ठेवतो, कारण शेवटी तिच्याकडंच यायचं आहे.

नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नवऱ्यामागं गल्लीतलं घर तिला आलं. आधी त्या गल्लीत कुत्रं फिरकत नव्हतं. पुढं लातुरात क्लास निघाले, साऱ्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला इथं यायला लागली आणि नेमके दोन मोठे क्लास त्याच गल्लीत आले. चंद्राबाईनं खोल्या पोरींना राहायला दिल्या. त्यांना करून घालायची, त्यांच्यावर ओरडायची, परीक्षेला जाताना हातावर दही द्यायची. बाईचं चांगलं चाललं होतं.

मग दिराचा मुलगा, माधव, जागा झाला. त्यानं अर्ज टाकला, की चुलतीचं डोकं ठिकाणावर नाही, कोर्टानं तसं ठरवावं आणि तिच्या मिळकतीचा पालक म्हणून मला नेमावं. म्हणजे घर माधवच्या ताब्यात आणि चंद्राबाई गावाकडं, माधवच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. खोली त्यानं सारवूनसुद्धा ठेवली होती!

चंद्राबाईनं वकील केला नाही. मी विचारलं, "का हो मावशी?"

म्हणाली, "शानी हाय हे सांगायला वकील लागला, म्हंजी गेलंच की डोकं!"

*

पायरीवर बसल्या बसल्या ती मला म्हणायची, "जमादार, पयल्या दिवशीचं सांग." ते तिला फार आवडायचं.

नांदेडला मी नवा होतो. बोर्डावर लिहिलेलं असेल ते सगळं मोठ्यानं वाचायचं, एवढंच मला सांगितलं होतं. एक वारसाचं प्रकरण होतं. कागदावर 'मयत नागोराव तर्फे वारस' असं काहीतरी होतं. मी दारात गेलो, छाती भरून घेतली आणि पुकारलं, "मयत नागोराव, हाजिर होऽऽ!"

सगळं आवार गप्प. वकील गप्प. कावळेसुद्धा गप्प.

मी पुन्हा पुकारलं. नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या पुकाऱ्याला एक म्हातारा, फेटा हातात घेऊन, हळूहळू पायऱ्या चढून आला. माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "दादा, ते येनार न्हाईत. म्या त्यांचा धाकटा भाव. माझ्यावर भागंल का?"

*

मृत्युपत्राचं एक आहे. करणारा मेलेला असतो, म्हणून साक्षीदाराला विचारतात, की सही करताना तो शुद्धीवर होता का, माणसं ओळखत होता का. वकील लोक यावर दिवसचे दिवस घालवतात.

भोकरकडचं प्रकरण होतं. साक्षीदार म्हणजे मयताच्या शेजारचा शेतकरी. धोतर पांढरं, मिशी पांढरी, राग ताजा. वकिलांनी विचारलं, "मृत्युपत्र करताना मयताची मनःस्थिती कशी होती?"

"झ्याक व्हती."

"कशावरून म्हणता?"

"मला शिव्या देल्या."

वकील खूश झाले. "म्हणजे भ्रमात होते! सभ्य माणसाला विनाकारण शिव्या देतो, तो शुद्धीवर कसा?"

"आवो, भरमात कशाचे? मला शेजाऱ्याची शिवी देली, बांधावरनं. जावयाला जावयाची देली. मेव्हण्याला मेव्हण्याची. थोरल्या पोराला एक, धाकट्याला येगळी. येक शिवी हिकडची तिकडं झाली न्हाई, साहेब! म्हना तर एकेक सांगतो."

"नको!" साहेब घाईनं म्हणाले आणि लिहून घ्यायला सांगितलं, "मयत शेवटपर्यंत नातेवाइकांना अचूक ओळखत होते."

मृत्युपत्र टिकलं.

*

नांदेडच्या कोर्टाबाहेर हमीदभाई टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांचे वडीलही तिथंच बसायचे, उर्दूत अर्ज लिहायचे. हमीदभाईंनी आयुष्यभर लोकांची मृत्युपत्रं टाइप केली. म्हणायचे, "मेरे हात का कागद लेके आधा जिल्हा वर गया!"

त्यांच्याकडं आमच्या मुखेडकडचे एक काका येत. दर बाजाराला. दोन मुलं, दोन सुना. ज्या सुनेनं त्या आठवड्यात पहिली भाकरी यांच्या ताटात टाकली, तिच्या नवऱ्याला विहिरीकडचं शेत. पुढच्या बाजाराला दुसरीनं पहिली टाकली, की पहिलं मृत्युपत्र रद्द, नवं चालू. एकदा दोघींनी मिळून उपास धरला, त्या आठवड्यात शेत देवाला गेलं!

हमीदभाई शेवटी कंटाळले. एके दिवशी कागद मशीनला लावला आणि थांबले.

"काका, बुरा मत मानना. तुम मरते कब हैं जी? मेरी रिबन घिस गई!"

काका चिडले नाहीत. उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "मरायला सवड कुठं हाय, हमीद? दर बाजारी हितं यावं लागून राहिलं!"

*

माझी बदली लातूरला झाली आणि पुढं भूकंप आला.

भूकंपावर मी विनोद करत नाही. त्या पहाटे जे गेले, ते गेले. त्यांची नावं मी वारसांच्या अर्जावर पुकारलेली आहेत. पुकारताना माझा आवाज बसला, तेवढे दिवस वगळता कधी बसला नाही. मी सांगतो ते मागं राहिलेल्यांच्या भीतीचं. भीतीवर हसायला हरकत नाही. ती माझीही होती.

तेव्हा सगळं लातूर बाहेर झोपायचं. बंगलेवाले अंगणात, भाडेकरू रस्त्यावर, डॉक्टर आपल्याच दवाखान्याच्या गेटाशी. आणि उशाशी तांब्या. हे बाहेरगावच्यांना सांगावं लागतं. पितळी परात घ्यायची, तिच्यात एक तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या गोल बुडावर दुसरा तांब्या, गोल बुडानंच उभा करायचा. जमीन जरा हलली की वरचा तांब्या परातीत. ठणाण! ज्याला जे सुचेल ते उचलून पळायचं. आमचा शेजारी उशी उचलून पळायचा, बायको मागं.

पद्धत एकच. आधी पळायचं, मग विचारायचं. मांजर होतं की धरणी, ते बाहेर गेल्यावर.

कोर्टाच्या भिंतीला चीर गेली होती. काही दिवस साहेबांनी टेबल लिंबाखाली आणलं. पुढं इंजिनिअर आले, टकटक केलं, इमारत पक्की आहे म्हणाले आणि स्वतः चहा बाहेरच प्यायले. कोर्ट पुन्हा आत गेलं. वकील मात्र आत यायला तयार नाहीत. एक बिडवे वकील होते, नावाजलेले. ते एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून युक्तिवाद करायचे.

साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, पुढं या. काही ऐकू येत नाही."

बिडवे म्हणाले, "साहेब, माझा मुद्दा इथूनच मजबूत आहे!"

*

कोंडाबाईचा किस्सा त्याच काळातला. तिचा नवरा हैदराबादला गवंडीकामाला गेलेला, घरात भांडून. इकडं गाव पडलं. कुणीतरी त्याचं नाव मयताच्या यादीत दिलं. तिकडं त्यानं ऐकलं की गाव पडलं, घरचं कुणी उरलं नसेल असं धरून बसला. यायचा धीर झाला नाही. एक वर्ष गेलं आणि वर काही महिने. कोंडाबाईनं जमीन आपल्या नावावर लावायला वारस दाखल्याचा अर्ज केला.

तारखेला मी पुकारलं, "अर्जदार कोंडाबाई, हाजिर हो!" मयताला 'हाजिर हो' म्हणायचं मी नांदेडलाच सोडलं होतं. कोंडाबाई आत आली. तिच्या मागं दाढी वाढलेला एक माणूस आत आला. एसटीतून उतरून थेट आला होता.

साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?"

"मयत, साहेब."

कोर्टात सुई पडली असती तर लोक पळाले असते. साहेबांनी कोंडाबाईला विचारलं, "बाई, ओळखता का ह्यांना?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "वळखते, साहेब. पर म्या वर्षश्राद्ध घातलंय. सारं गाव जिवलंय. आता ह्यानला घिऊन गावात कोन्या तोंडानं जाऊ?"

तो माणूस खाली बघत हळूच म्हणाला, "गोड काय केलं व्हतं?"

"बुंदी."

"बुंदी? माझ्या दिवसाला बुंदी? मला लापशी आवडती, ठाव न्हाई व्हय तुला?"

"अन् रवा कोन आनून देनार व्हतं? तुमी?"

साहेबांनी पेन उचललं. "ओळख पटली," म्हणाले. "अर्ज निकाली."

ती दोघं भांडत भांडतच पायऱ्या उतरली. लिंबाखाली थांबली. तिनं पिशवीतून भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. भांडण चालूच होतं.

*

क्लासचे दिवस आले तसे कोर्टातले दावे बदलले. आधी भाऊ विहिरीवरून भांडायचे. मग क्लासकडं तोंड असलेल्या खोलीवरून भांडायला लागले.

दोन भावांचं घर वाटून द्यायचं होतं. कोर्टानं मोजायला माणूस पाठवला. त्यानं टेप लावला, खडूनं रेघ मारली. रेघ बरोबर एका खोलीतून गेली. त्या खोलीत परभणीकडचा एक विद्यार्थी राहायचा. त्याच्या कॉटवरून रेघ गेली. उशी थोरल्याच्या हिश्शात, पायथा धाकट्याच्या. भाडेकरू कुणाचा?

थोरल्याचा वकील उठला. "साहेब, विद्यार्थी म्हणजे डोकं! शिकतो तो डोक्यानं. डोकं आमच्या हिश्शात आहे."

साहेबांनी मान हलवली. धाकटा वकिलाची वाट न बघता उभा राहिला.

"साहेब, आमचं बी ऐका! ते पोरगं क्लासला जातंय कशानं? पायानंच न्हवं?"

हा मुद्दा साहेबांनी लिहून घेतला. निकाल लागायच्या आत तो विद्यार्थी पास होऊन, डोकं आणि पाय दोन्ही घेऊन, मुंबईला निघून गेला.

*

त्यातलाच आणखी एक. आई-वडील नसलेला एक मुलगा. दहावीला मार्क डोंगराएवढे. वडिलांची जमीन नावावर. अचानक चुलता आणि मामा दोघांनाही त्याचं प्रेम आलं. दोघांचे अर्ज, मला पालक नेमा. दोघांनी कोर्टात डोळे पुसले. मामानं जास्त पुसले.

साहेबांनी मुलाला जवळ बोलावलं. फार मायेनं विचारलं, "बाळ, घाबरू नकोस. मनापासून सांग. तुला कुणाकडं राहायचंय?"

मुलानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग साहेबांना म्हणाला, "सर, केमिस्ट्रीच्या क्लासला जवळ कोण पडतं?"

त्या दिवशी संध्याकाळच्या आत चुलत्यानं क्लाससमोर खोली घेतली. मामानं त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर!

चंद्राबाई पायरीवर बसून हे सगळं बघायची आणि हसायची. हसून झालं की म्हणायची, "जमादार, हितं आलेली समदी शानी अन् येडी म्या एकटी व्हय?" मग गुडघ्यावर हात ठेवून माझी नक्कल करायची, "हाजिर होऽऽ!"

मी तिला दटावायचो, "मावशी, हे कोर्टाचं काम आहे. खेळ नव्हे."

"ठाव हाय रं. तीनदा करायचं, अन् उंबऱ्याच्या आत."

*

आता तिची तारीख.

डॉक्टरांचा दाखला आला होता, पण मोघम होता. 'वयोमानानुसार', एवढंच. नवे साहेब पुण्याकडचे. कडक. भूकंप त्यांनी पेपरात वाचलेला. म्हणाले, "मी स्वतः बाईंना प्रश्न विचारणार. आजच निकाल."

माधव नवा शर्ट घालून आला होता. त्याचे वकील बिडवे. आता दोन्ही पाय आत ठेवत. भूकंपाला वर्षं लोटली होती. मी पुकारलं. माधव उंबऱ्याच्या आत आला. चंद्राबाई पिशवी घेऊन आत आली. आज पिशवी जड होती.

येताना ती माझ्यापाशी क्षणभर थांबली. नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, "जमादार, आज त्या गोठ्याकडं जायची पाळी आली, तर पोरींच्या रातीच्या भाकरी कोन करंल रं?" मी छातीवरचा पट्टा सरळ केला.

साहेब म्हणाले, "बाई, आज तारीख काय?"

"तारीख द्यायला तुमी, अन् इचारता मला?"

मागं कुणीतरी खोकललं. साहेबांनी चष्मा पुसला.

"बरं. हे कोण उभे आहेत?"

"माधव. माझा पुतन्या. ल्हानपनी माझ्या मांडीवर मुतायचा. आता डोक्यावर बसाया निघालाय."

बिडवे उठले. "साहेब, बाई बोलायला हुशार आहेत, हे मान्य. वेड बोलण्यात नाही, वागण्यात आहे. ह्यांना राहायला स्लॅबचं घर आहे. तरी ह्या अजून अंगणात, पत्र्याखाली झोपतात. उशाशी परात ठेवतात. परातीत तांब्यावर तांब्या रचतात. आणि त्या तांब्याशी बोलतात! अर्जदारानं स्वतः ऐकलंय."

साहेब पुढं झुकले. "हे खरं आहे का, बाई?"

"हाव. खरं हाय."

"तांब्याशी काय बोलता?"

"म्हंते, आज बी गप ऱ्हा बाबा."

बिडव्यांना वाटलं, जिंकलो. म्हणाले, "साहेब, कोर्टानं हा प्रकार प्रत्यक्ष पाहावा, म्हणून मी बाईंकडूनच भांडी मागवली आहेत."

चंद्राबाईनं पिशवी उघडली. परात काढली, दोन तांबे काढले. साहेबांच्या पुढच्या टेबलावर परात ठेवली. एक तांब्या पालथा घातला. दुसरा त्याच्या बुडावर ठेवला, दोन्ही हातांनी धरला, श्वास रोखला आणि बोटं एकेक करून सोडली. तांब्या उभा राहिला. तशी कला लातुरातून आता गेली. मग ती मागं सरून टेबलाच्या बाजूला उभी राहिली.

सगळे त्या तांब्याकडं बघत होते. साहेबसुद्धा.

बिडवे हसले. काळा कोट झटकला आणि सगळ्या कोर्टाकडं तोंड करून म्हणाले, "साहेब, आता आणखी पुरावा काय द्यायचा? इतक्या वर्षांनी, भांडं पडेल या भीतीनं जगणं, याला वेड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी विचारतो, आज लातुरात असा एक तरी शहाणा माणूस दाखवा, की जो नुसता तांब्या पडला म्हणून..."

ठणाण!

तांब्या कसा पडला, मला ठाऊक नाही. मी दाराकडं तोंड करून उभा होतो. शिपायानं दाराकडंच तोंड करायचं असतं.

एवढं सांगतो, मी पळालो नाही. मी दारातच होतो. म्हणून सगळ्यांच्या आधी बाहेर आलो.

माझ्या मागं बिडवे. त्यांचा एक बूट आत राहिला. त्यांच्या मागं माधव, खिडकीतून. कारकून, टायपिस्ट, दुसऱ्या प्रकरणाचे पक्षकार, सगळे. साहेब त्यांच्या खोलीच्या दारानं गाऊन सावरत आले आणि सरळ लिंबाखाली येऊन उभे राहिले, माझ्या शेजारी. शेजारची दोन कोर्टंही रिकामी झाली. एक वकील आपल्या अशिलाला सोडून विरुद्ध बाजूच्या पक्षकाराचा हात धरून आला होता!

सगळे जमिनीकडं बघत होते. जमीन गप्प होती. लिंबाचं पान हलत नव्हतं. समोरचा चहावाला चहा गाळता गाळता म्हणाला, "काय झालं हो? सुट्टी झाली का?"

आत कुणी जाईना. बिडवे एका पायावर उभे. साहेबांनी विचारलं, "आत कुणी राहिलंय का?"

तेवढ्यात आतून आवाज आला. चढा, लांब, बरोबर माझ्या चालीवर. आवाज ठीक होता.

"अर्जदार माधवऽऽ हाजिर होऽऽ!"

सगळ्यांनी माधवकडं पाहिलं. माधवनं बिडव्यांकडं पाहिलं. "वकीलसाहेब, जावा की. माझी बाजू तुमीच मांडायची."

"नाव तुझं पुकारलंय. तू जा."

"आदी तुमी. तुमचा बूट बी हाय आत."

"अर्जदार माधवऽऽ हाजिर होऽऽ!"

माधव दोन पावलं पुढं गेला. पायरीपाशी थांबला. चीर गेलेल्या भिंतीकडं वर पाहिलं. मान आत घातली, पाय बाहेरच ठेवले आणि ओरडला, "काकू, म्या हितं हाय! हाजिर हाय!"

चंद्राबाई आतून म्हणाली, "उंबऱ्याच्या आत यी, माधवा."

तो आला नाही.

परात उचलल्याचा आवाज आला. एका तांब्यात दुसरा तांब्या घातल्याचा आवाज आला. मग पुन्हा, सावकाश, घाई न करता,

"अर्जदार माधवऽऽ हाजिर होऽऽ!"

चंद्राबाई पिशवी काखेत मारून उंबऱ्यावर आली. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि मागं सरून पुन्हा आत जाऊन उभी राहिली.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "किती झाले?"

मी पट्टा सरळ केला.

"तीन, साहेब."